स्वतःला देणारी प्रीती: नागपुरातल्या ख्रिस्ती घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जवळ आला की हे प्रश्न वाढतात, आणि घरात कोणी अंथरुणाला खिळले की ते वर्षभर सुरू राहतात. कॅथलिक असो, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो की मेथडिस्ट, अडचणी बहुतेक सारख्याच असतात. जिथे पंथांच्या रिती वेगळ्या आहेत तिथे तसे सांगितले आहे.

ख्रिस्ती विश्वासात स्वतःला देणारी प्रीती कशाला म्हणतात?

दुसऱ्याचे खरे भले व्हावे म्हणून, कोणी भाग पाडले नसताना, स्वतःला खर्ची घालणे. यातला प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे. योहान १०:१८ मध्ये येशू स्पष्ट सांगतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. म्हणजे राजीखुशी आली. रोमकरांस पत्र ५:८ म्हणते की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे समोरच्याची लायकी तपासून हे देणे होत नाही. आणि १ करिंथकर १३:३ मध्ये पौल इशारा देतो की सगळी मालमत्ता वाटून टाकली, शरीरही जाळायला दिले, पण प्रीती नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. त्याग मोठा दिसला म्हणजे तो प्रीतीतूनच झाला असे नाही. नाव व्हावे म्हणून, दुसऱ्याला ओशाळे करावे म्हणून किंवा भीतीपोटीही माणूस खूप काही सोडतो.

खालची बहुतेक उत्तरे या एका कसोटीवर उभी आहेत: हे मोकळ्या मनाने दिले जात आहे का, आणि त्यातून कोणाचे खरोखर भले होत आहे का?

देव सर्वसमर्थ आहे, तर त्याने नुसती क्षमा का केली नाही? वधस्तंभ कशाला?

क्षमेची किंमत कोणीतरी सोसतोच. कोणी तुमचे पैसे बुडवले आणि तुम्ही माफ केले, तर तेवढा तोटा तुमच्या अंगावर येतो. वधस्तंभावर देवाने ही किंमत स्वतः सोसली, असे ख्रिस्ती मंडळी (चर्च) मानते. अकराव्या शतकात धर्मपंडित अन्सेल्मने यात न्यायाची भरपाई पाहिली. बाराव्या शतकात आबेलार्ड या दुसऱ्या धर्मपंडिताने माणसाचे मन वळवणारी प्रीती पाहिली. त्याही आधीच्या मंडळीने यात मरणावरचा विजय पाहिला होता. या मांडण्यांना एकमेकींविरुद्ध उभे करण्याची गरज नाही.

एक चूक मात्र टाळायलाच हवी, कारण ती मुलांच्या मनात खोल जाते. रागावलेल्या पित्याने निरपराध मुलाला मारले, अशी मांडणी करू नये. २ करिंथकर ५:१९ प्रमाणे ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाशी समेट करत होता. संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांनी हे वाक्य आधी पक्के करावे.

माझा मधुमेह, माझी नोकरी गेली, माझी सासू: हा माझा "क्रूस" आहे का?

आजार आणि अडचणी म्हणजे दुःख. ते प्रार्थनेत देवापुढे ठेवा आणि त्यावर इलाजही करा. मार्क ८:३४ मधला वधस्तंभ, म्हणजेच क्रूस, मात्र उचलायचा असतो, म्हणजे ख्रिस्ताच्या मागे जाताना आपण होऊन पत्करायचा असतो. मधुमेह कोणी उचललेला नसतो. गोळ्या वेळेवर घेणे आणि पायांची काळजी घेणे हेच तिथले आज्ञापालन.

नवरा मारतो. सगळे म्हणतात, "सहन कर, प्रभूनेही सहन केले." मी काय करावे?

आधी सुरक्षित जागी जा. हा सल्ला विश्वासाविरुद्ध नाही. शौल मारायला उठला तेव्हा दावीद पळाला. नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून ढकलायला नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). पौलाला दिमिष्कात पाटीत बसवून तटावरून खाली उतरवले गेले. येशूने प्राण दिला तो ठरवून, ठरलेल्या वेळी, जगाच्या भल्यासाठी. रोजच्या मारहाणीत यातले काहीच नसते. तिथे राजीखुशी नाही, आणि मारणाऱ्याचेही त्यात भले होत नाही, कारण त्याचे पाप रोज निर्धास्त होत जाते. इफिसकर ५:२५ मध्ये स्वतःला अर्पण करण्याची आज्ञा नवऱ्याला आहे. ते वचन बायकोवर उलटवणे हा वचनाचा गैरवापर आहे.

करायच्या गोष्टी अशा. तातडीत ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. जखम झाली असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा आणि ती कशी झाली ते डॉक्टरांना खरे सांगून लिहून घ्यायला लावा. "पडले" असे लिहिलेला कागद पुढे तुमच्याच विरोधात जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. त्याच घरात राहण्याचा हक्क, मारहाणीला मनाई आणि खर्चापुरते पैसे, असे आदेश न्यायालय देऊ शकते. आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि बँक पासबुक यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवा. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे बायकोसाठीही स्वतंत्र कारण आहे. घटस्फोट नको असेल तर न्यायिक विभक्तीचीही (लग्न न मोडता कायद्याने वेगळे राहण्याची) तरतूद आहे.

पाळक आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती: पहिल्याच भेटीत दोघांना समोरासमोर बसवू नका. नवऱ्यासमोर ती खरे बोलू शकत नाही. जे बोलते त्याचा वचपा घरी निघतो. तिला एकटीला, एखाद्या जाणत्या बाईच्या सोबतीने भेटा. नवऱ्याशी वेगळे बोला. मारहाण थांबून बराच काळ गेल्याशिवाय समेटाची भाषा नको.

उपवासकाळात नेमके काय सोडावे?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वगळले की ४० उरतात. त्यात काय सोडायचे हे ठरवताना यशया ५८:६–७ वाचा. तिथे देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर देणे आणि उघड्याला वस्त्र देणे. सोडलेली वस्तू कोणाकडे पोहोचली, याचे उत्तर तुमच्याकडे हवे. नाहीतर चाळीस दिवस मांसाहार बंद आणि ईस्टरला दुप्पट सावजी मटण, असे होते. त्यात गरिबाच्या ताटात काहीच पडत नाही.

मिझोरमच्या मंडळ्यांमध्ये मूठभर तांदळाची रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना दर वेळी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. एका मुठीत साधारण ४० ते ५० ग्रॅम तांदूळ येतो. दोन वेळा धरले तर चाळीस दिवसांत एका घरातून साडेतीन किलोच्या आसपास जमतो. दहा घरांचा मिळून एका कुटुंबाचा महिना-दीड महिना निघतो. नागपुरात पोळी जास्त होत असेल तर कणीक घ्या, पण ती दर आठवड्याला पोहोचवा. मार्चच्या उकाड्यात साठवलेल्या कणकेला किडे लवकर लागतात.

खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सोडला तर चालेल?

जरूर सोडा. आपल्या शहरात तोंडाच्या कर्करोगाने किती घरे बसली ते सांगायला नको. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिले तीन-चार दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, हात सवयीने टपरीकडे वळेल. याचा त्रास बायको-मुलांना होऊ नये म्हणून घरात आधीच सांगून ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. चहानंतरचा खर्रा सुटायला सगळ्यात कठीण जातो, म्हणून चहाची जागा आणि सोबत दोन्ही बदला.

दुसरी गोष्ट पैशाची. रोज किती पुड्या लागत होत्या ते मोजा आणि तेवढी रक्कम रोज रात्री डब्यात टाका, महिन्याच्या शेवटी नाही. शेवटी टाकू म्हटले की ती कधीच पडत नाही. ईस्टरनंतर पुन्हा सुरू करायचा विचार आत्ताच मनात असेल तर पाळकांशी बोला.

उपवास कोणी करू नये?

कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ६० वे वर्ष सुरू होईपर्यंत ते लागू आहेत. पद्धत म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन छोटे अल्पाहार. मांसाहारवर्ज्य १४ वर्षांपासून. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये असा वयाचा नियम सहसा नसतो आणि प्रत्येक जण स्वतः ठरवतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि उन्हात मजुरी करणारे यांनी अन्नपाणी सोडू नये. गुड फ्रायडे एप्रिलमध्ये आला तर दुपारी बारा ते तीनच्या भक्तीला नागपुरात पारा चाळिशीपार असू शकतो. पाणी पिण्याने उपवास मोडत नाही. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांच्या या भक्तीला येताना बाटली आणा आणि म्हाताऱ्यांना दाराजवळ, पंख्याखाली बसवा.

गुड फ्रायडेला रक्तदान शिबिर घ्यावे का?

कल्पना सुंदर आहे, पण दिवस चुकीचा आहे. रक्तदात्याने उपाशी असू नये, त्याने आधीच्या चार तासांत खाल्लेले हवे. गुड फ्रायडेला निम्मी मंडळी उपाशी असते. मग घेरी येते, लोक घाबरतात आणि पुढच्या वर्षी कोणी येत नाही. शिबिर ईस्टरनंतर, शक्यतो मे महिन्यात घ्या. तेव्हा महाविद्यालयांना सुट्या असतात, त्यांची शिबिरे बंद असतात आणि रक्तपेढ्यांना खरी टंचाई असते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना आणि थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त सुटीत लागत नाही असे होत नाही.

दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. पुरुषांना दोन वेळांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर लागते. आपल्याकडे अनेक बायांचे हिमोग्लोबिन कमी निघते आणि त्या खट्टू होऊन परत जातात. त्यांना तिथेच नोंदणी, सरबत वाटणे आणि दात्यांची देखरेख ही कामे द्या. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. म्हणून एका दिवशी दोनशे दाते जमवण्यापेक्षा वर्षातून तीनदा साठ-सत्तर जमवणे रुग्णांच्या जास्त कामाचे.

पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) पाय धुण्याचा विधी नीट कसा करावा?

योहान १३ मध्ये येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. यहूदा तेव्हा तिथेच होता, तो घास घेतल्यावर नंतर बाहेर गेला. जो धरून देणार त्याचेही पाय धुतले गेले. उपदेशात बाकी काही सुटले तरी हे सुटू नये.

तयारीची माहिती देतो. बारा जणांच्या दोन्ही पायांना पायाला पाव लिटरपेक्षा थोडे जास्त धरले तर साडेसहा-सात लिटर पाणी लागते. दहा लिटर ठेवा. हे पाणी सकाळीच बादलीत भरून सावलीत ठेवा. उन्हाळ्यात नागपुरातल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी संध्याकाळीही इतके तापलेले असते की पायावर घेता येत नाही, आणि मधुमेह्याला ते कळतही नाही. दोन परात, एक तांब्या, बारा वेगळे पंचे. एकच पंचा सगळ्यांना फिरवला तर बोटांमधली बुरशी एकाची दुसऱ्याला लागते. बोटांच्या फटी कोरड्या करा. पायाला उघडी जखम असलेल्याला वगळा, पण आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.

पाय कोणाचे? दरवर्षी तेच ट्रस्टी आणि देणगीदार बसतात, हे चुकते. चर्चचा झाडूवाला, नवीन आलेला भाडेकरू, एकटी राहणारी विधवा यांना बसवा. कॅथलिक मिस्सामध्ये जानेवारी २०१६ पासून स्त्रियांचेही पाय धुण्याची स्पष्ट परवानगी आहे. फोटो काढणाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. समोर फ्लॅश चमकला की पाय पुढे करणारा माणूस अवघडून जातो.

मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांमध्ये बाहेरगावचे खूप रुग्ण येतात. मंडळीने त्यांच्यासाठी काय करावे?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच नव्हे, तर बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहूनही लोक येतात. रुग्णाला खाट मिळते, सोबतचा माणूस मात्र वऱ्हांड्यात झोपतो. तुमची मदत मुख्यतः त्या सोबतच्या माणसासाठी असू द्या.

लूक १० मधल्या दाखल्यात, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी शोमरोन्याने काय केले ते कामाच्या यादीसारखे वाचता येते. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतले, पट्टी बांधली, स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर पाहिले. सकाळी उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. त्याने व्यवसाय सोडला नाही, रुग्णाला घरीही नेले नाही. पुरेसे दिले, पुढची सोय लावली, आणि पुन्हा चौकशीला येण्याचे वचन दिले. मंडळ्या बहुधा या शेवटच्या भागात कमी पडतात.

रविवारी भक्तीनंतर पाच गट डबे घेऊन पोहोचतात आणि मंगळवारी कोणीच नसते. म्हणून आधी वार वाटून घ्या. पुलाव, बिर्याणी टाळा. चाळीस अंशांच्या उन्हात शिजलेले अन्न तासाभरात धोक्याचे होऊ लागते, आणि वऱ्हांड्यातला माणूस अर्धे रात्रीसाठी राखून ठेवतो. पोळी, कोरडी भाजी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, केळी हे चांगले. सोबत चटई, झाकणाची बादली, मग, साबण आणि मोबाइल चार्ज करायला लांब वायरची पट्टी द्या.

रुग्णाला स्वतःहून काही भरवू नका. शस्त्रक्रियेच्या सकाळी कोणी प्रेमाने मोसंबीचा रस पाजला, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. आधी परिचारिकेला विचारा.

सगळ्यात मोलाची मदत बहुतेक वेळा कागदांची असते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांना लवकरात लवकर भेटायला हवे. गावाहून आलेल्याला हे ठाऊक नसते आणि रांगेत उभे राहायला त्याच्याकडे दुसरा माणूसही नसतो. मंडळीतल्या निवृत्त कारकुनाने आठवड्याचे दोन दिवस दोन-दोन तास तिथे दिले, तर पन्नास डब्यांपेक्षा जास्त काम होते.

सेवा करताना सुवार्ता सांगावी का?

कोणी विचारले, "तुम्ही हे का करता?" तर मोकळेपणाने सांगा. प्रार्थना करू का, असे आधी विचारा, आणि नाही म्हटले तर डबा तितक्याच प्रेमाने द्या. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे काढून घेतले गेले नाही. मदतीला अट जोडली की तो सौदा होतो. खाटेवर पडलेला माणूस नकार द्यायला मोकळा नसतो, म्हणून तिथे तर जास्तच जपावे.

आईला अर्धांगवायू आहे. तीन वर्षे मी एकटी बघते. आता मला तिचा राग येतो. माझी प्रीती संपली का?

नाही. तुम्ही थकल्या आहात. मार्क ६:३१ मध्ये शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा येशूने त्यांना एकांती जाऊन विसावा घ्या म्हटले, आणि लोकांची गरज तेव्हाही संपलेली नव्हती. योहान १९:२६–२७ मध्ये वधस्तंभावर असताना त्याने आपल्या आईची जबाबदारी एका शिष्याला सोपवली. जगासाठी प्राण देणाऱ्यानेही आईची काळजी दुसऱ्याच्या हाती दिली. तुम्ही मदत मागण्यात कमीपणा नाही.

मंडळीसाठी: "काही लागले तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. चार घरे मिळून ठरवा. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते सहा, एक जण आईजवळ बसेल आणि मुलगी घराबाहेर जाईल. बाहेर म्हणजे बँकेच्या कामाला नव्हे, झोपायला, मैत्रिणीकडे किंवा तलावावर फिरायला. बसणाऱ्याला शिकवून ठेवा: दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा, माकडहाड आणि नितंब पाहायचे. लाल डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात आहे. मग त्या बाजूला झोपवायचे नाही आणि डॉक्टरांना कळवायचे. उन्हाळ्यात रेक्झिनवर सुती चादर घाला, घामाने त्वचा भिजली की ती लवकर फाटते. भरवताना उठते बसवा, आडवे असताना पाणी पाजले तर ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकते.

राग आवरत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

भावाच्या कर्जाला जामीन राहणे हा प्रीतीचा भाग आहे का?

फार विचार करून. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामिनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. नीतिसूत्रे २२:२६–२७ तर सांगते की फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण जाईल. झेपेल तेवढी रक्कम भावाला हातात द्या आणि परत मागू नका. सही करायचीच असेल तर बायकोला विचारून करा, कारण हप्ते थकले की तिच्याही घरावर पाणी सोडायची वेळ येते.

क्षमा केली म्हणजे पोलीस केस मागे घ्यायची का?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात गरीब आदिवासींमध्ये काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमध्ये त्यांचा खून झाला. खुनी पकडला गेला, दोषी ठरला, त्याने तुरुंगवास भोगला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेलाही संमती दिली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले. या सगळ्यात क्षमेने कायद्याचा हात धरून ठेवला नाही. मुलांवरचा लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. तिथे "मंडळीत मिटवू" म्हणणे हा गुन्हा आहे आणि पापही.

दुसऱ्यासाठी जीव देणे आणि मरण ओढवून घेणे यात फरक काय?

पोलंडचे कॅथलिक धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे उदाहरण घ्या. १९४१ च्या जुलैअखेर आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपासमारीने मारायचे ठरले. त्यांतला फ्रान्चिशेक गायोव्निचेक बायको-मुलांची आठवण काढून रडला. कोल्बे पुढे आले आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाले. १४ ऑगस्टला त्यांना इंजेक्शन देऊन मारण्यात आले. १९८२ मध्ये कोल्बे यांना संत घोषित केले तेव्हा गायोव्निचेक तिथे हजर होते, आणि ते १९९५ पर्यंत जगले. कोल्बे मरण शोधत नव्हते. त्यांना एका माणसाला वाचवायचे होते. आरंभीच्या मंडळीलाही हा फरक ठाऊक होता. दुसऱ्या शतकातल्या बिशप पॉलिकार्पच्या हौतात्म्याच्या जुन्या वृत्तांतात स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे जाणाऱ्यांची स्तुती केलेली नाही, आणि येशूनेही छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा म्हटले (मत्तय १०:२३).

मूत्रपिंड देण्यासाठी घरचे सुनेवर दबाव आणतात. मंडळीने काय म्हणावे?

दबावाखालचे दान हे दान नाही. कॅथलिक धर्मशिकवण अवयवदानाला उदात्त मानते, पण दात्याच्या मोकळ्या संमतीशिवाय नाही. कायद्यातही जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे. सून या यादीत येत नाही. तिच्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. समितीपुढे आणि डॉक्टरांपुढे ती एकटीने "नाही" म्हणू शकते. पाळकांनी तिला हे आधीच सांगावे.

आणि मरणोत्तर नेत्रदान? पुनरुत्थानाला अडचण येते का?

अजिबात नाही. ज्यांचे शरीर समुद्रात किंवा आगीत गेले त्यांच्याही पुनरुत्थानावर मंडळीचा विश्वास आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पापण्या मिटवा, त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, चेहऱ्यावर येणारा पंखा आणि कूलर बंद करा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकते. घरी येऊन पंधरा-वीस मिनिटांत काम होते. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधीला शवपेटी उघडी ठेवता येते. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह आड येत नाही. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागते, म्हणून मुलांना जिवंतपणीच सांगून ठेवा.

ही प्रीती फक्त माणसांसाठी की मंडळ्यांनाही लागू?

मंडळ्यांनाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावे आणि व्यवस्था खाली ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. बाप्तिस्मा तान्ह्या मुलांना द्यावा की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच, यावर त्यांच्यात खोल मतभेद होते, आणि दोन्ही पद्धतींना जागा ठेवूनच त्या एकत्र आल्या. आज जमिनी आणि पदांवरून वाद होतात तेव्हा या शहरात काय घडले होते ते आठवून बोलावे.

नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पाणपोई लावायची आहे. काही सूचना?

ती मार्चअखेरच लावा, नवतपापर्यंत थांबू नका. रांजण सावलीत, झाकण घट्ट, लांब दांड्याचे ओगराळे, आणि रोज सकाळी घासून भरण्याची जबाबदारी नावानिशी एकाची. ओगराळे नसेल तर लोक हात बुडवतात आणि आठवड्यात जुलाब सुरू होतात. देणगीदाराच्या नावाचा फलक नको.

मुलांना हे कसे शिकवावे?

त्यांच्या स्वतःच्या वस्तूतून, आणि त्यांनी हो म्हटले तरच. मोडकी खेळणी अनाथाश्रमात नेऊन टाकली की मूल एवढेच शिकते की नको ते दुसऱ्याला द्यायचे. २ करिंथकर ९:७ सांगते की खेदाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये. मूल सायकल द्यायला नाही म्हणाले तर रागावू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

घरात मी एकटाच ख्रिस्ती आहे. उपवासकाळ कसा पाळू?

कोणावर भार न टाकता. आईला वेगळा स्वयंपाक करायला लावू नका, जे सोडायचे ते आपल्या ताटातून सोडा. गुड फ्रायडेची भक्ती कोणत्या वेळी आहे ते आठवडाभर आधी सांगा, आणि त्या दिवशी घरची जी कामे तुमच्याकडे असतात ती आदल्या रात्री उरकून ठेवा.